आधी तिजोरी फुटते, मग माणूस फुटतो

बोरीवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडली की वांद्रं यायला साधारण अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात डब्यात कुणी अवाक्षर काढलं नाही, मोबाइल वाजला नाही, भजनी मंडळानं टाळ पिशवीतून बाहेर काढले नाहीत, असं एकदा तरी होईल का? विसरा. पण १९५५ साली पॅरिसमध्ये एका दिग्दर्शकानं चक्क थिएटरभर लोकांना तेवढा वेळ गप्प बसवलं. पडद्यावर चार चोर एका जवाहिऱ्याचं दुकान फोडत होते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. हातोडीचा दबका ठोका, दोरीची करकर, एखादा श्वास, बस्स.

त्या चित्रपटाचं नाव ‘रिफिफी’. दागिन्यांच्या चोरीचे नंतर जेवढे सिनेमे आले, ते कधी ना कधी याच्या दारावरून गेलेच. सगळ्यांची गोष्टही तीच: तिजोरी अगदी झक्कास फुटते आणि नंतर माणसं फुटतात. चोरी जमते, पचत नाही. तर पॅरिस ते बोरीवली व्हाया नाशिक, अशा काही न पचलेल्या चोऱ्यांच्या या गमतीजमती.

छत्री कशाला? पावसासाठी नव्हे

‘रिफिफी’तले चोर दुकानाच्या दारातून आत जात नाहीत. वरच्या मजल्यावरच्या घरात घुसतात, तिथल्या लोकांना बांधून ठेवतात आणि जमीन पोखरून खाली उतरतात. आता अडचण अशी, की पोखरताना माती-सिमेंटचे तुकडे खाली पडले तर आवाज होणार आणि धोक्याची घंटा बोंबलणार. मग काय करायचं? भोक छत्री जाईल एवढं झालं की मिटलेली छत्री त्यातून खाली सोडायची आणि तिथे उघडायची. सगळा राडारोडा अलगद छत्रीत. जून महिन्यात बोरीवली स्टेशनबाहेर छत्र्यांची एवढी दाटी असते, पण हा उपयोग कुणाला सुचला असेल असं वाटत नाही. (सुचला असेल तर कृपया कळवू नका.)

घंटेचा बंदोबस्त त्याहून भारी. चोर आधी तशीच घंटा पैदा करतात, तळघरात बसून तिच्यावर प्रयोग करतात. जरा धक्का लागला की ती कोकलते. शेवटी आग विझवायच्या नळकांड्यातला फेस तिच्या पोटात भरतात आणि तिची वाचाच बसते. एकानं तर पायात बॅले नाचणाऱ्यांचे मऊ बूट घातलेत. दुकान मात्र खऱ्या नावाचं: मॅपिन अँड वेब.

गंमत पुढे आहे. ऑग्युस्त ल ब्रेताँच्या मूळ कादंबरीत ही चोरी जेमतेम काही पानांत उरकलेली. दिग्दर्शक ज्यूल्स दासँला पुस्तकातला बाकी पुष्कळ भाग किळसवाणा वाटला, म्हणून त्यानं तो गाळला आणि चोरी ताणून सिनेमाचा चौथा हिस्सा केली. पटकथा वाचून कादंबरीकार भडकला. माझं पुस्तक कुठंय, असं विचारत त्यानं टेबलावर पिस्तूल काढून ठेवलं, असं दासँ पुढे सांगायचा. दासँला हसू फुटलं, लेखकही निवळला आणि दोघांची दोस्ती झाली. आपल्याकडे कादंबरीवर सिनेमा निघाला की लेखक मुलाखतीत नाराजी व्यक्त करतात. हा प्रकार किती सभ्य आहे ते यावरून कळावं.

संगीतकार जॉर्ज ओरिकनं या प्रसंगासाठी मोठ्या हौसेनं संगीत रचलं होतं. दासँनं त्याला प्रसंग दोनदा दाखवला, एकदा संगीतासह आणि एकदा संगीताशिवाय. ओरिकनं बघितलं आणि स्वतःचंच संगीत काढून टाकायला सांगितलं. संगीतकाराचा असा मोठेपणा हिंदी सिनेमाच्या इतिहासात शोधायचा तर जरा वेळ काढून बसावं लागेल.

फ्रान्स्वा त्रुफो तेव्हा समीक्षक होता, दिग्दर्शक व्हायचा होता. त्यानं लिहून टाकलं, की आजवर वाचलेल्या सगळ्यात टुकार गुन्हेगारी कादंबरीतून या माणसानं आजवर पाहिलेला सगळ्यात उत्तम गुन्हेगारी चित्रपट काढला.

ज्याला पकडून दिलं, त्यानंच फितुराचं काम केलं

‘रिफिफी’ हा फ्रेंच सिनेमांचा मुकुटमणी, पण दिग्दर्शक अमेरिकन. ज्यूल्स दासँचा जन्म १९११ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढला, हॉलिवूडमध्ये नाव काढलं. मग तिथे कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली. सरकारी समितीपुढे बसून सहकाऱ्यांची नावं सांगायची, नाहीतर धंद्यातून बाहेर व्हायचं, असे ते दिवस. १९५१ मध्ये दोन दिग्दर्शकांनी दासँचं नाव घेतलं. काम बंद. युरोपात आला तर तिथेही अमेरिकी दबाव पाठ सोडीना. काही वर्षं हातात काही नाही, खिसा रिकामा. अशा वेळी हा स्वस्तातला सिनेमा चालून आला. आधी तो जाँ-पिएर मेलव्हिल करणार होता. त्याची गाठ पुढे पडेलच.

पैसे कमी म्हणून मोठा नट नाही. नायक जाँ सेर्व्हे तेव्हा पडत्या काळात होता, दारूनं करिअर गिळलेलं. तुरुंगातून सुटलेला, खोकणारा, थकलेला चोर उभा करायला आणखी काय हवं? मेकअपचा खर्च वाचला. दासँचा आणखी एक हट्ट होता: ऊन पडलं की चित्रीकरण बंद. त्याला पॅरिस करड्या ढगांखालीच हवं होतं. निर्मात्याचं काय झालं असेल याची कल्पना करा. रोजचा खर्च चालू आणि दिग्दर्शक आकाशाकडे बघत ढगाची वाट पाहतोय!

चौघा चोरांपैकी तिजोरी उघडणारा इटालियन कारागीर सेझार. ठरलेला नट ऐन वेळी गळाला, तेव्हा दासँनं स्वतःच ते काम केलं आणि श्रेयनामावलीत पर्लो व्हिता असं भलतंच नाव टाकलं. या सेझारचं पुढे काय होतं? तो एक अंगठी गुपचूप खिशात टाकतो आणि कॅबरेत गाणाऱ्या मुलीला भेट देतो. तेवढ्या एका अंगठीवरून शत्रूच्या टोळीला सुगावा लागतो. मार पडायच्या भीतीनं सेझार साथीदाराचं नाव सांगून मोकळा होतो. नायक त्याला खांबाला बांधलेल्या अवस्थेत शोधतो आणि गोळी घालतो. तू मला आवडायचास, पण नियम म्हणजे नियम, असा एकूण सूर. मित्रांनी नावं सांगितली म्हणून देशोधडीला लागलेला माणूस पडद्यावर नावं सांगणाऱ्याची भूमिका करतो आणि स्वतःच्याच सिनेमात मारला जातो. हा सूड म्हणायचा, की क्षमा? मला विचाराल तर या सिनेमातला सगळ्यात धारदार प्रसंग हा आहे. छत्रीबित्री सगळी नंतर.

१९५५ च्या कान महोत्सवात दासँला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, एका सोव्हिएत दिग्दर्शकाबरोबर विभागून. आधी अमेरिकेनं कम्युनिस्ट म्हणून हाकलायचं आणि मग बक्षीस सोव्हिएत माणसाच्या शेजारी उभं राहून घ्यायचं! तिथेच त्याची ग्रीक अभिनेत्री मेलिना मर्कुरीशी भेट झाली. पुढे ती त्याची पत्नी झाली आणि त्याहून पुढे ग्रीसची सांस्कृतिक मंत्री. आणि हो, ‘शाँझेलिझे’ हे फ्रेंच गाणं तुम्ही कुठल्या तरी रीलमागे नक्की ऐकलं असणार. ते गाणारा जो दासँ हा याच ज्यूल्सचा मुलगा.

चौघांचा दरोडा होत नाही

वर्तमानपत्रं कशालाही दरोडा म्हणतात. कायदा म्हणत नाही. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. भारतीय दंड संहितेच्या ३९१ कलमात तसंच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१० व्या कलमातही तसंच आहे. म्हणजे ‘रिफिफी’तली चौकडी बोरीवली पोलीस ठाण्याच्या हद्दीत सापडली असती, तर तिच्यावर घरफोडीचं, जबरी चोरीचं कलम लागलं असतं. दरोड्यासाठी एक भिडू कमी पडला.

एकाला बायबल चिकटवलं, दुसऱ्यानं बुद्ध पळवला

‘रिफिफी’ पाहून लोक चोऱ्या शिकतील अशी भीती बऱ्याच सरकारांना वाटली. मेक्सिकोत तशाच पद्धतीच्या घरफोड्या झाल्या म्हणून सिनेमावर बंदी आली. दासँचा बचाव मजेदार होता: मी तर चोरी किती जिकिरीची असते हेच दाखवलंय! अमेरिकेत दाखवायचा तर दासँनं आपल्या जुन्या राजकारणाबद्दल माफी मागावी, अशी अट आली. त्यानं नकार दिला. मग वितरकांनी एक नावापुरती वेगळी कंपनी काढून सिनेमा लावला. तिथल्या कॅथलिक संघटनेनं डोळे वटारले, तेव्हा काही तुकडे कापले गेले आणि सुरुवातीला बायबलमधलं एक वचन डकवलं गेलं. आपल्याकडच्या ‘धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे’चा हा थोरला भाऊ.

आता मेलव्हिलकडे येऊ. हातून ‘रिफिफी’ गेला तरी त्याच्या डोक्यातून मूक चोरी काही गेली नाही. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, त्यानं ‘ल सेर्क्ल रूज’ म्हणजे ‘लाल वर्तुळ’ काढला. अलँ दलाँ, इव्ह मोंताँ, इटलीचा जान मारिया व्होलोंते. पॅरिसच्या व्हाँदोम चौकातलं जवाहिऱ्याचं दुकान आणि पुन्हा पंचवीसेक मिनिटं तोंडातून शब्द नाही. इथे मोंताँ नेमबाज झालाय. पूर्वी पोलिसात होता, दारूनं वाया गेला. खास धातू वितळवून स्वतः गोळी बनवतो, बंदूक तिकाटण्यावर बसवतो, नेम धरतो. मग मनात काय येतं कुणास ठाऊक, बंदूक तिकाटण्यावरून उचलतो, खांद्याला लावतो आणि उभ्या उभ्या कुलपाच्या भोकात गोळी घालतो. थिएटरात असता तर शिट्टीच.

आणि मग काय बिनसतं? चोरीचा माल खपतच नाही. माल घेणारा हात वर करतो. एवढे दागिने मी कुणाला विकू? बोरीवलीच्या एलटी रोडवर जुनं सोनं मोडायला गेलं तरी सराफ पावती विचारतो. इथे तर सगळ्या पॅरिसनं ज्याची बातमी वाचलीय तो माल. शेवटी मिळतो तो गिऱ्हाइकाच्या वेषातला पोलीस अधिकारी. तो उभा केलाय बूरव्हिलनं. हा फ्रान्सचा लाडका विनोदी नट, आणि इथे मांजरं पाळणारा, एकटा, थंड डोक्याचा इन्स्पेक्टर. सिनेमा लागायच्या महिनाभर आधी बूरव्हिल गेला.

या सिनेमाची सुरुवात होते बुद्धाच्या वचनानं. बुद्धानं लाल खडू घेतला, वर्तुळ काढलं आणि सांगितलं की ज्यांची भेट व्हायची असते ती माणसं कुठूनही येऊन या वर्तुळात भेटतातच, अशा अर्थाचं. भारदस्त आहे. फक्त एवढंच, की बुद्ध असं काही म्हणाला नव्हता. मेलव्हिलनं ते घरी बसून रचलं.

बोरीवलीकरांनी हे ऐकून हसू नये तर काय करावं? अस्सल बुद्धाचा शेजार त्यांना दोन हजार वर्षांचा. नॅशनल पार्कातून वर चढलं की कान्हेरी. काळ्या पाषाणातली शंभरावर लेणी, इसवी सनाच्या आगेमागे कोरायला सुरुवात झालेली. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांचे तपशील आहेत आणि त्यांत कल्याणचा सोनार आहे, सोपाऱ्याचा मणिकार आहे. म्हणजे सेंट्रल लाइनचा सराफ आणि वेस्टर्न लाइनचा जवाहिऱ्या तेव्हाही बोरीवलीच्या डोंगरात येत होते; घ्यायला नव्हे, द्यायला. दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडे गोराईचा विपश्यना पॅगोडा. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खांबाविना उभा असलेला प्रचंड घुमट, आत एका वेळी सुमारे आठ हजार माणसं ध्यानाला बसतील. मेलव्हिलच्या पंचवीस मिनिटांच्या मौनाचं जगाला कौतुक. इथे दहा दिवसांच्या शिबिरात पहिले नऊ दिवस बोलायचं नसतं.

नाशिकचा हिरा, पॅरिसची पेढी

व्हाँदोम चौकाचं नाव निघालंच आहे तर एक आपली भळभळती जखम. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा एक मोठा हिरा होता. इंग्रजांच्या कागदांत तो ‘नासक’ नावानं नोंदला गेला. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये दुसरे बाजीराव हरले तेव्हा कंपनी सरकारच्या हाती पडला. लंडनला नेऊन विकला. सुमारे ९० कॅरटचा हिरा तिथे तासून ८०.५९ कॅरटचा केला. एका इंग्रज सरदारानं तलवारीच्या मुठीत बसवला. १९२० च्या दशकात तो पॅरिसच्या मोबूसाँ या पेढीकडे गेला. व्हाँदोम चौकात पुढे जिची पाटी लागली, तीच ही पेढी. १९४० मध्ये अमेरिकेच्या हॅरी विन्स्टननं तो घेतला आणि पुन्हा तासला. उरला ४३.३८ कॅरट. निम्म्याहून जास्त हिरा ‘अधिक चमकदार’ करण्यात गेला.

याला चोरी म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. एवढं खरं, की तिजोरी फोडावी लागली नाही आणि कुणाला शिक्षाही झाली नाही. सिनेमात असं घडलं असतं तर सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला असता.

पिऊन केलेली चोरी आणि उष्टं सँडविच

सिनेमावाल्यांना वाटतं चोर काटेकोर असतात. इतिहास वेगळं सांगतो. १७९२ च्या सप्टेंबरात, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या राजकोषात चोर शिरले. एका रात्रीत काम उरकावं की नाही? ते पुन्हा पुन्हा येत राहिले. दर खेपेला मंडळी वाढली, खाणंपिणं झालं, गाणी झाली. पाच-सहा रात्री ही जत्रा चालली, तेव्हा कुठे पहारेकऱ्यांना जाग आली. या चोरीत गेला तो फ्रेंच राजाचा निळा हिरा. मुळात तो गोवळकोंड्याचा, ताव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं हिंदुस्थानातून नेऊन चौदाव्या लुईला विकलेला. पुढे तासून त्याचाच ‘होप’ झाला. ‘रिजंट’ नावाचा दुसरा गोवळकोंडी हिरा, १४० कॅरटचा, वर्षभरानं एका माळ्यावरच्या लाकडी तुळईत लपवलेला सापडला.

आता वर्ष २०२५, तारीख १९ ऑक्टोबर, रविवार सकाळ. लूव्र संग्रहालय नुकतंच उघडलंय. अंगात कामगारांची पिवळी जाकिटं घातलेले लोक सामान वर चढवायच्या शिडीचा ट्रक लावतात, पहिल्या मजल्याची काच कापतात, आठ ऐतिहासिक दागिने उचलतात आणि स्कूटरवरून पसार. एकूण वेळ आठ मिनिटांच्या आत, किंमत ८ कोटी ८० लाख युरो. पॅरिसनं तोंडात बोटं घातली. पण जरा बारकाईनं बघा. पळताना त्यांच्या हातून नववा दागिना, सम्राज्ञी युजेनीचा मुकुट, रस्त्यात पडला. १,३५४ हिरे आणि ५६ पाचूंचा! ट्रक जाळून पुरावा नष्ट करायचा होता, तेही जमलं नाही. आठवड्याच्या आत धरपकड सुरू. आणि त्याच दालनात ठेवलेला तो ‘रिजंट’ त्यांनी उचललाच नाही. गोवळकोंड्याचा हिरा एकदा माळ्यावर राहून आला होता, बहुधा दुसऱ्यांदा जायची त्याची तयारी नव्हती.

मूर्खपणाचं सुवर्णपदक मात्र बेल्जियममधल्या अँटवर्पला. फेब्रुवारी २००३. इटालियन टोळीनं हिरेबाजारातलं भुयारी कोठार फोडलं. उष्णता ओळखणारे, हालचाल ओळखणारे, चुंबकीय, सगळे पहारे चुकवले. दहा कोटी डॉलरहून अधिक मालावर डल्ला. आणि मग रस्त्याकडेच्या रानात कचऱ्याची पिशवी फेकली. त्यात काय होतं? हिरेबाजाराची कागदपत्रं आणि अर्धवट खाल्लेलं सँडविच. त्यावरून डीएनए मिळाला आणि म्होरक्या आत गेला. घरचा डबा धुऊन परत आणावा, ही आपल्या आयांची शिकवण किती दूरदृष्टीची होती!

कानच्या कार्ल्टन हॉटेलात हिचकॉकनं दागिनेचोराचाच सिनेमा चित्रित केला, तो लागला १९५५ मध्ये. म्हणजे ‘रिफिफी’च्याच वर्षी. त्याच हॉटेलातून २०१३ च्या जुलैत एका एकट्या माणसानं भरदिवसा दहा कोटी युरोंहून अधिक किमतीचे दागिने पिशवीत भरून नेले. हा अपवाद. याचं काही बिनसलं नाही, म्हणून याच्यावर लिहिण्यासारखंही फार नाही.

आपल्या गल्लीतले ‘रिफिफी’

मुंबईचा अस्सल नमुना म्हणजे १९७२ चा ‘व्हिक्टोरिया नंबर २०३’. हिरे चोरीला जातात, चोरांत फाटाफूट होते आणि हिरे एका घोडागाडीच्या दिव्यात दडवले जातात. मग तुरुंगातून सुटलेले दोन म्हातारे, अशोककुमार आणि प्राण, सगळी व्हिक्टोरिया पालथी घालतात. फ्रेंच चोर गप्प राहून मरतात, आपले बडबड करत जगतात. मला हे दुसरं जास्त आवडतं, पण सिनेमा म्हणून पहिलं श्रेष्ठ हेही मान्य. त्या व्हिक्टोरियाही आता इतिहासजमा. उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये त्या बंद करायला सांगितलं.

पुण्यात वाढलेल्या श्रीराम राघवनचं फ्रेंचांशी जुनं गूळपीठ. ‘जॉनी गद्दार’च्या मागे १९६३ चा एक फ्रेंच गुन्हेगारी चित्रपट आहे, तर पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’च्या मागे पियानो जुळवणाऱ्या माणसावरचा फ्रेंच लघुपट. अमेरिकेच्या टॅरँटिनोचा ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ हाही बिघडलेल्या हिरेचोरीचाच, आणि त्यात चोरी दाखवलेलीच नाही! थेट आधी आणि नंतर. त्याच्यावर मेलव्हिलची दाट छाया आणि आपल्या ‘काँटे’वर त्याची. नदी उलटसुलट वाहत मुंबईला आली.

मराठीत हे सगळं पुस्तकांत होतं. बाबूराव आर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा ‘काळा पहाड’ म्हणजे फ्रेंचांच्या आर्सेन ल्यूपँच्या गोत्रातला, कायद्याला चकवणारा पण मनानं सज्जन. आर्नाळा म्हणजे विरारच्या पुढचं, आपल्याच लाइनवरचं. या काळ्या पहाडावर बिनसंवादाची अर्ध्या तासाची चोरी असलेला मराठी सिनेमा अजून कुणी काढलेला नाही. निर्मात्यांनो, छत्री आमच्याकडून.

खिशातले हिरे

फ्रेंच सिनेमात हिऱ्यांभोवती पोलाद असतं. मुंबईत हिऱ्यांभोवती बऱ्याचदा नुसती कागदाची घडी असते. बोरीवली, दहिसर, मालाडहून हिरेबाजारात कामाला जाणारी मंडळी वर्षानुवर्षं चर्नी रोडला उतरायची, ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झालं आणि अर्धी गर्दी वांद्र्याला उतरू लागली. हिऱ्यांची ने-आण करतात ते अंगडिये. सुरतेहून रात्रीच्या गाडीत बसायचं, माल अंगावर, चेहऱ्यावर काही नाही. गुजरातेतून येणाऱ्या बहुतेक गाड्या बोरीवलीला थांबतात. पहाटे फलाटावर तुमच्या शेजारी चहा पिणारा साधा शर्टवाला माणूस किती लाखांचा आहे, ते तुम्हाला कळायचं नाही. हा धंदा शब्दावर चालतो. अंगडियाची लूट झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि तपासात बहुतेक वेळा कुणीतरी आतल्याच माणसानं टीप दिल्याचं निघतं. माणूस फुटतो तो असा.

मोनसिंगाची मुलाखत

सगळ्या फ्रेंचांच्या तोंडात मारेल असा किस्सा मात्र मुंबईचा आणि खरा आहे. १७ मार्च १९८७. इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात येते: गुप्तवार्ता अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी पाहिजेत, तडफदार पदवीधरांनी मुलाखतीला यावं. ठिकाण, ताजमहाल हॉटेल. सही, मोनसिंग. बेकारीचे दिवस. पोरं इस्त्रीचे कपडे घालून आली. त्यांतले सव्वीस निवडले गेले. त्यांना सांगण्यात आलं, की उद्या एक सराव छापा आहे.

१९ मार्चच्या दुपारी ही वरात बसमधून ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानात उतरली. मोनसिंगानं वॉरंट दाखवलं, आपण सीबीआय असल्याचं सांगितलं, कॅमेरे बंद करायला लावले, कुणी जागचं हलायचं नाही म्हणून बजावलं. शुद्धता तपासण्यासाठी ‘नमुने’ म्हणून दागिने निवडले, पिशव्यांत भरले, वर सरकारी शिक्का मारला. पाऊण तासात तीस लाखांहून अधिक रुपयांचा माल घेऊन स्वारी बाहेर. सव्वीस नवे ‘अधिकारी’ पुढच्या हुकुमाची वाट बघत दुकानातच उभे! बऱ्याच वेळानं मालकांना शंका आली, खरे पोलीस आले, तेव्हा पोरांना कळलं की नोकरी नाहीच, उलट आपणच चोरीचे भागीदार ठरतोय. मोनसिंग कधीच सापडला नाही. २०१३ मध्ये नीरज पांडेनं यावर ‘स्पेशल छब्बीस’ काढला. अक्षयकुमार, अनुपम खेर आणि पाठलाग करणारा मनोज वाजपेयी.

कायद्यानं बघाल तर माणसं पाचाहून कितीतरी जास्त, पण त्यांतल्या सव्वीस जणांना आपण चोर आहोत हेच ठाऊक नव्हतं. भोक पाडलं नाही, छत्री उघडली नाही, घंटेत फेस भरला नाही. फक्त आवाज करडा ठेवला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयानं पेशवाई हलवली होती. तोतया म्हटला की आपण आजही दबतोच.

म्हणूनच उपनगरांत मोनसिंगाची चिल्लर आवृत्ती अजून फिरते. सकाळी देवळात किंवा भाजीला निघालेल्या आजींना मोटारसायकलवरचे दोघं अडवतात. ‘पोलीस आहोत, पुढे मर्डर झालाय, चेकिंग चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा,’ म्हणतात. गाठ मारायला मदतही करतात. घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे निघतात. खरा पोलीस रस्त्यात कुणालाही अंगावरचे दागिने उतरवायला सांगत नाही. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगून ठेवा. आणि कुणी असं म्हणालंच, तर जागेवर उभं राहून मोठ्यानं ओरडा आणि ११२ ला फोन लावा.